मेट्स जिंकले की परत जाऊ

सुलेखा,

तुझं घर विकलं गेलं. नवीन जोडपं कॉम्प्युटरवालं आहे, दोघंही. आल्या आल्या त्यांनी पुढचं अझेलियाचं झुडूप उपटून टाकलं. मला वाईट वाटलं नाही. ते झुडूप तू लावल्यापासून कुरूपच होतं.

फोन आला होता तुझ्या लेकीचा, उत्तराचा, तू आता राहतेस त्या अ‍ॅशबर्नच्या घरून. म्हणाली, "मावशी, आईबद्दल काहीतरी लिहा ना, मी मुलांना वाचून दाखवीन." मी म्हटलं, तुझ्या मुलांना मराठी कळतं का? तर म्हणे, "थोडं थोडं." थोड्या थोड्या मराठीत लिहायचं वय माझं उलटून गेलं. मी पूर्ण मराठीत लिहिणार, त्यांना झेपेल तेवढं ते घेतील.

तू हे बसून वाच. हसलीस की तुला दम लागतो. यातलं सगळं तुला ठाऊकच आहे, पण वाचणाऱ्यांना नाही; आणि दर वाक्याला 'तू अमुक केलंस, तू तमुक म्हणालीस' करत बसायचा मला कंटाळा. तेव्हा थोडा वेळ तुला 'ती' म्हणते. शेवटी तुझ्याकडे येतेच. आपलं एक काम राहिलंय.

तर सुलेखा कऱ्हाडची. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी तिला पायमशीन घेऊन दिलं. त्यावर तिने शिवणाचा डिप्लोमा केला आणि घरीच गल्लीतल्या मुलींचा क्लास सुरू केला. क्लास चांगला चालत होता. तेवढ्यात श्रीरंगचं स्थळ आलं, इंजिनियर, अमेरिकेत. मशीन विमानातून नेता येत नाही, म्हणून ते माहेरी मधल्या खोलीत ठेवलं, वर स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर घातलं, आणि भाऊ राजारामला बजावलं, "याला कुणी हात लावायचा नाही. मी दोन वर्षांत येतेय." श्रीरंगनेच तसं सांगितलं होतं, दोन वर्षं. त्या काळी सगळेच सांगायचे.

दोन वर्षांची नऊ झाली. आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेत, एकाच रस्त्यावर राहत होतो, समोरासमोर. आमचे डॉक्टर गेल्यावर सुलेखा रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायची. बाकीच्यांना मी एकटी पडले म्हणून माझी दया येत असे. हिला माझा चहा आवडत असे. म्हणून तिचं येणं मला चालायचं.

त्या वेळी आमच्या सगळ्या मंडळींत एकच विषय. परत कधी जायचं? मुलगी मोठी व्हायच्या आत, ग्रीन कार्ड आलं की, घर विकलं की. पुरुष हे सगळं गंभीर चेहऱ्याने बोलत आणि बायका पानं वाढत. एकोणऐंशी सालच्या गणपतीत आरती झाल्यावर सुलेखाने मोदकांचं ताट हातात धरून, सगळ्यांसमोर नवऱ्याला विचारलं, "अहो, आपण नक्की कधी जायचं ते आज सांगा. बाप्पासमोर सांगा."

श्रीरंग तसा साधा माणूस. टेलिफोन कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, मान खाली घालून काम. त्याला एकच नाद, बेसबॉल. तो शिकायला इथे आला त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्कची मेट्स टीम जगज्जेती झाली. परदेशात नव्याने आलेल्या, थंडीने काकडलेल्या पोराला वाटलं, ही माझ्याच पायगुणाने जिंकली. तेव्हापासून तो मेट्सचा झाला आणि मेट्स हरत सुटले. एकोणऐंशीत तर ते साफ तळाला होते.

तर श्रीरंग म्हणाला, "मेट्स जिंकले की त्या वर्षी परत जाऊ."

पुरुषमंडळी पोट धरून हसली. बाळ सबनीस हसता हसता म्हणाला, "अरे, म्हणजे सरळ 'कधीच नाही' म्हण की!" सुलेखाला हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही. तिने ताट खाली ठेवलं आणि मला विचारलं, "ताई, मेट्स म्हणजे कोण हो?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "बाप्पासमोर बोललेत ना. मग झालं."

तिने दुसऱ्या वर्षी मोठ्या रस्त्यावरच्या ड्राय क्लीनरकडे नोकरी धरली. कपडे आखूड करायचे, अस्तर लावायचं, चेन बदलायची. मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीवर मिस डेलोरिस असे, नुअर्कची, काळी, चाळिशीची, एवढी मोठी बाई की इस्त्रीच तिच्यापुढे खेळण्यातली वाटे. तिच्या डोक्यावर फळीवर रेडिओ आणि रेडिओवर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मेट्स. सुलेखाचं इंग्रजी बेतास बात. पण सहा महिन्यांत ती डेलोरिसच्या बरोबरीने पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, शिव्या घालू लागली.

मला बेसबॉल तिनेच समजावला, चहाच्या टेबलावर, बिस्किटं मांडून. "हे घर. यालाच ते होम म्हणतात. घरून निघायचं, ही तीन ठाणी करायची आणि परत घरी यायचं. घरी पोचला तरच धाव. तिसऱ्यापर्यंत येऊन अडकला, तर त्याचं काही धरत नाहीत."

मी म्हटलं, "मग आपल्या सगळ्या मंडळींचा स्कोअर शून्य."

ती हसली नाही. तिने तिसऱ्या ठाण्यावरचं बिस्किट उचललं आणि खाल्लं.

चौऱ्याऐंशीत मेट्स दुसरे आले. पंच्याऐंशीतही दुसरे. आता आमच्या पार्ट्यांत श्रीरंगची चेष्टा व्हायला लागली. "काय रे, बॅगा काढल्यास का?" तो हसण्यावारी न्यायचा, पण हसणं वर्षागणिक बारीक होत गेलं. शहाऐंशी साली तर एप्रिलपासूनच मेट्स असे सुटले की हरायचं नावच घेईनात. जुलैत सुलेखाने सेलमध्ये दोन मोठ्या सुटकेस आणल्या. ऑगस्टमध्ये दोनाच्या चार झाल्या. त्या तिने बेसमेंटमध्ये ओळीने उभ्या केल्या. श्रीरंगला वॉशिंग मशीनपर्यंत जायचं तर त्यांच्यामधून वाट काढावी लागे.

सगळ्यांत केविलवाणी गोष्ट श्रीरंगची होती, हे मी तेव्हाही तिला सांगितलं होतं. सतरा वर्षं ज्या टीमसाठी जीव टाकला, ती जिंकायला लागली आणि याला मनातून ती हरावी असं वाटायला लागलं. त्याला परत जायचं नव्हतं. त्याचं काम इथे, त्याचा रेडिओ इथे. आणि मेट्स हरावेत म्हणून त्याला देवाकडे तोंडही उघडता येईना.

ऑक्टोबरात ह्यूस्टनशी सामने लागले. त्यातला एक दिवसाउजेडी सुरू झाला. मी कोटाचं अस्तर झालं का बघायला दुकानात गेले, तर मालक बाहेरगावी, काउंटरवर कोणी नाही, आणि मागच्या खोलीत रेडिओ ओरडतोय. सुलेखा मशीनवर होती. डेलोरिसने तिथूनच हात वर करून मला थांबवलं. "हनी, नो मूव्हिंग! तिथेच उभी राहा."

"काय झालं?"

"हरत होतो," सुलेखा मान वर न करता म्हणाली. "मी या पँटच्या तळपट्टीला टीप मारायला घेतली आणि बरोबरी झाली. आता कुणी जागा सोडायची नाही. मी टीप सोडायची नाही."

ही आपल्याकडची क्रिकेटची रीत. बॅट्समन खेळतोय तोवर बसल्या जागेवरून उठायचं नाही. कऱ्हाडला रेडिओभोवती तिच्या वडिलांनी सगळ्या गल्लीला असं बसवलं होतं. ती रीत तिने न्यू जर्सीतल्या त्या वाफेच्या खोलीत आणली होती, आणि डेलोरिसला ती ताबडतोब पटली होती. तिच्या चर्चमध्येही असंच काहीतरी असावं.

पण बेसबॉलमध्ये बरोबरी झाली की सामना संपत नाही, पुढे चालूच राहतो. आणि तो काही संपेना. तळपट्टी एवढीशी, तिला टीप किती मारणार? झाली की सुलेखा उसवायची आणि पुन्हा मारायची. पुन्हा उसवायची. डेलोरिस एकच शर्ट दाबत होती, त्याची कॉलर कागदासारखी झाली. मी कोटासाठी गेलेली बाई, उभी. माझे पाय भरून आले. मी म्हटलं, "मी एम.एस्सी. आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, मी बसते."

"ताई, खबरदार!" सुलेखा ओरडली. तोवर ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. मी बसले नाही.

मध्येच ज्याची पँट होती तो तरुण आला. त्याच्या मित्राचं लग्न होतं. डेलोरिसने त्यालाही दारात उभं केलं. त्याने स्कोअर विचारला आणि आपला आपणच भिंतीला टेकून उभा राहिला, पँट जन्मभर नाही मिळाली तरी चालेल अशा चेहऱ्याने. बाहेर अंधार पडला. मेट्स पुढे गेले, ह्यूस्टनने गाठलं. मेट्स पुन्हा पुढे गेले, ह्यूस्टन पुन्हा मागे लागलं. आणि शेवटी एकदाचा ह्यूस्टनचा शेवटचा माणूस बाद झाला. डेलोरिसने सुलेखाला खुर्चीसकट उचललं. मी पहिल्यांदा बसून घेतलं. त्या पोराच्या पँटची चाळणी झाली होती. तो म्हणाला, "इट्स ओके, मॅम," आणि तिचा हात हातात घेऊन हलवत राहिला.

मी तिच्याबरोबरच तिच्या घरी गेले. तिने चप्पलही न काढता हाक मारली, "अहो! जिंकलो! उत्तरा, खालून बॅगा वर आण!"

श्रीरंग टीव्हीसमोर बसला होता. चेहरा पांढरा, पण डोळे चमकत होते. दोन्ही एकाच माणसाचे वाटत नव्हते. म्हणाला, "अगं, ही नुसती लीग. अजून वर्ल्ड सिरीज आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे साखरपुडा झाला. लग्न बाकी आहे."

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. सात वर्षं हा खेळ ऐकत होती, पण मेट्स तिथवर कधी पोचलेच नव्हते, त्यामुळे पुढे आणखी एक दार आहे हे बाईला ठाऊकच नव्हतं. पंधरा वर्षांची उत्तरा वरून म्हणाली, "आई, यू आर सो वीअर्ड." आणि दार लावून घेतलं.

बॉस्टनशी लग्न लागलं. सहाव्या सामन्याला मी झोपले होते. रविवारी सकाळी पाऊस होता, सुलेखा छत्री न घेता रस्ता ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात आली. तिने सगळं सांगितलं. मेट्स संपले होते. एक चेंडू, की बॉस्टन जिंकलं, अशी वेळ. श्रीरंग उठून पाणी प्यायला गेला होता. तिथे सिंकपाशी त्याने डोळे पुसलेले तिने पाहिले. "हे सुटले म्हणून की मेट्स हरले म्हणून, ते मला नाही कळलं, ताई." मग काय झालं कुणास ठाऊक, एकामागून एक मेट्सचे गडी पळायला लागले, आणि शेवटी एक साधा घरंगळत आलेला चेंडू बॉस्टनच्या माणसाच्या पायांमधून निघून गेला.

"हे ओरडले," सुलेखा म्हणाली. "असे ओरडले की उत्तरा धावत खाली आली. सोफ्यावर चढून नाचले. आणि मग एकदम उतरले. बसले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'चला.' एवढंच. 'चला.'"

तिला मी चहा दिला. तिचा तो तसाच गार झाला.

सोमवारी शेवटचा सामनाही मेट्स जिंकले. मंगळवारी न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक होती, श्रीरंग नेहमीप्रमाणे लॅबमध्ये गेला आणि संध्याकाळी आल्यावर म्हणाला की पुण्यात त्याच्या एका वर्गमित्राच्या कारखान्यात जागा आहे, त्याच्याशी बोलणं झालं. मी या माणसाला तोवर जरा पुळचट समजत असे. त्या दिवसापासून नाही. चेष्टेत दिलेला शब्द त्याने मान खाली घालून पाळायला घेतला, जसं लॅबमधलं काम करी तसंच.

सुलेखाचे पाय जमिनीवर नव्हते. मी जानेवारीत भारतात जाणार होते. तिने दुकानातून मशीनच्या तेलाची छोटी कुपी आणली, लांब नळीची. "ताई, एवढं काम करा. कऱ्हाडला जाऊन माझ्या मशीनला तेल घालून या. इतकी वर्षं उभं आहे, जाम झालं असेल. मी पोचले की लगेच क्लास सुरू करायचाय."

"तेल तिथे मिळतं गं."

"हे चांगलं आहे. आणि बॉबिनच्या खाली घाला, वरवर नको."

दिवाळीत दरवर्षी ती माहेरी फोन करायची. घरी फोन नव्हता. पाडव्याला राजाराम पूजेपुरतं दुकान उघडायचा आणि आईला तिथे आणून बसवायचा. मी तिच्या स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. लाइन लागायला वेळ लागला. त्या काळी फोनवर दोन्हीकडून ओरडावं लागे, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"आई, आम्ही येतोय!"

"ये की गं बाई. किती दिवसांसाठी?"

"कायमचे! कायमचे येतोय!"

मला वाटलं लाइन तुटली. मग आई म्हणाली, जरा हळू, पण ऐकू आलं: "जावईबापूंची नोकरी गेली का गं?"

"नाही आई! नोकरी आहे! आपणहून येतोय!"

"मग काय झालं? भांडलात का?" आणि थोड्या वेळाने, "सुले, मी गल्लीत काय सांगू?"

राजारामने फोन घेतला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने विचारलं, तब्येत बरी ना सगळ्यांची. विचारलं, पुण्यात जागा बघितली का, कारण इथे मधल्या खोलीत आता मुलगा नरेंद्र झोपतो, त्याचं दहावीचं वर्ष. आणि म्हणाला, "अक्का, घाईत काही करू नकोस."

तिने फोन ठेवला. मी कढईतल्या चकल्या काढायच्या विसरले. ती म्हणाली, "करपतायत," आणि माझ्या हातातून झारा घेतला. सगळ्या चकल्या तिने एकटीने तळल्या.

चार-पाच दिवसांनी चहाला आली तेव्हा म्हणाली, "ताई, ते तेलाचं राहू दे."

"का?"

"उत्तराची शाळा जूनपर्यंत आहे. जूनमध्ये जातोच आहोत. मीच घालीन."

जून आला. श्रीरंगने विचारलं, कधीची तिकिटं काढू? ती म्हणाली, उत्तराची शेवटची दोन वर्षं होऊ देत. श्रीरंगने वर्गमित्राला कळवलं. त्यानंतर दरवर्षी एप्रिलमध्ये, पहिल्या सामन्याच्या दिवशी, तो तिला विचारायचा, "काय, जायचं?" मनापासून विचारायचा, चेष्टेने नाही. आणि ती म्हणायची, "या वर्षी जिंकू देत. मग जाऊ."

आता मी पुन्हा तुला 'तू' म्हणते. दमले.

मेट्स त्यानंतर जिंकले नाहीत. दोनदा जवळ आले, दोन्ही वेळा तू दुकानात रेडिओ बंद केलास असं डेलोरिसने मला सांगितलं. श्रीरंग गेला त्या वर्षीही एप्रिलमध्ये त्याने विचारलं होतं, हॉस्पिटलच्या खाटेवरून. मी तिथे होते. तू त्याची उशी सरळ केलीस आणि म्हणालीस, "आधी घरी तर चला."

मी भारतात जायची ती दोन-तीन वर्षांनी जायचीच. दर वेळी तुला विचारायची, तेल घालून येऊ का? दर वेळी तू, "राहू दे ताई, मीच घालीन." तुझी आई गेली तेव्हा तू जाऊन आलीस. आल्यावर मी मशीनचं विचारलं, तर म्हणालीस, पाहुणे फार होते.

नवीन जोडपं यायच्या आधी तुझं घर रिकामं करायला उत्तरा आली होती. त्या सुटकेस अजून बेसमेंटमध्येच होत्या, एकात एक घातलेल्या, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. तिने त्या फुटपाथवर ठेवल्या. दुपारपर्यंत कोणीतरी घेऊन गेलं. राजारामच्या घरीही मी फोन केला. नरेंद्रची बायको म्हणाली, मशीन आहे, कव्हरही आहे, त्यावर टीव्ही ठेवलाय, चांगलं जड आहे, हलत नाही.

तेलाची कुपी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, बटणांच्या डब्याशेजारी. आज झाकण उघडून बघितलं. तेल जरा पिवळं पडलंय, पण पातळ आहे. मला आता कऱ्हाड होणार नाही, तुला तर अ‍ॅशबर्नचा जिनाही होत नाही. उत्तराची धाकटी हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर भारतात चालली आहे, पुण्यापर्यंत जाणार आहे म्हणे. पुण्याहून कऱ्हाड काही लांब नाही. तिच्याकडे कुपी देऊ का? बॉबिनच्या खाली, वरवर नाही, हे मी तिला इंग्रजीत नीट समजावून सांगेन.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, तरी विचारते.

संध्याताई